नियम चौदावा : गस्त

कै. विद्याधर केशव राऊत. जन्म आगाशी, १९३८. मृत्यू आगाशी, २००४. छत्तीस वर्षे ग्रामपंचायतीत कारकून. घरची केळीची वाडी. पत्नी शांताबाई १९९९ साली निवर्तल्या, अपत्य नव्हते. त्यानंतर त्यांना नावाने हाक मारली जाई असे एकच ठिकाण उरले : वाचनालयाच्या माडीवरचे आमचे रविवारचे क्रीडामंडळ.

तेथे आम्ही यक्ष, राक्षस आणि किल्ले यांचा एक युद्धखेळ खेळत असू. खेळ मूळचा इंग्रजी. नियमपुस्तिकेचे भाषांतर मी केले होते आणि पंचही मीच होतो. पेटीतला नकाशा फार लहान, म्हणून राऊतांनी दोन महिने खपून तो प्लायवूडवर मोठा रंगवला. या खेळात ‘छायाचर’ नावाचे सैनिक असतात. ते पटावर ठेवत नाहीत. त्यांची जागा चिठ्ठीवर लिहून पंचाकडे द्यायची. त्यांना हुडकायचे तर गस्त घालायची. मंडळात जागा सहाच होत्या आणि ज्याचा किल्ला पडेल त्याचे सभासदत्व संपेल, असे घटनेचे नववे कलम होते.

२००२ साली राऊतांच्या समोर संग्राम आला. विरारला फ्लॅट, मुंबईत नोकरी, वय तीस.

राऊत गस्त आपल्या वाडीत शिकले होते. वाडीचा राखणदार रिकामा डबा बडवीत, हाळी देत, न थांबता फिरतो. चोर सापडावा असे कोणालाच वाटत नसते. तो पळावा, एवढेच हवे असते. पटावरही राऊत आपले तीन शिपाई किल्ल्याभोवती सतत फिरते ठेवीत आणि दर डावाला खणखणीत आवाजात सांगत, “निघाली हो गस्त, पूर्वेच्या बुरुजावरून!”

“काका, गस्त आहे की लग्नाची वरात?” संग्राम विचारी. “बँड तेवढा राहिलाय.”

“चाहूल लागली की चोर पळतो, बाबा. चाळीस वर्षांत आमचा एक घड गेला नाही.”

“मग तुमच्याकडचे चोर फारच सज्जन!”

माडी हसे. राऊतही हसत.

संग्रामचे छायाचर पळाले नाहीत. ते गस्तीच्या मागोमाग, अगदी लगतच्या घरातून, चालू लागले. पहिली चिठ्ठी वाचताच मी मूळ पुस्तिका काढून पाहिली. एक पूर्ण डाव न हलता थांबलेल्या शिपायालाच शेजारच्या घरातला छायाचर दिसतो; चालता शिपाई आंधळा असतो. माझ्या भाषांतरात ‘थांबल्यावर’ हा शब्द गळला होता. संग्रामने मूळ पुस्तिका वाचली होती. राऊतांपाशी फक्त माझी मराठी प्रत होती. पंचाने खेळाडूस सल्ला देऊ नये, असा नियम आहे. मी तो पाळला.

हे चार रविवार चालले. संग्राम आपल्या चिठ्ठ्या इतरांना दाखवी. दुसऱ्या रविवारपासून राऊत सोडून सर्वांना सर्व ठाऊक होते. निवृत्त शिक्षिका उर्सुलाबाई तेवढ्या हसत नसत. चौथ्या रविवारी त्यांनाही हसू आवरेना.

त्या दिवशी छायाचर दरवाजातून आत शिरले.

“असं कसं?” राऊत उठून उभे राहिले. “माझा शिपाई आत्ताच यांच्या शेजारून गेला!”

“गेला ना, काका. थांबला कुठे?”

“थांबायचं कुठे लिहिलंय?” त्यांनी आपली प्रत माझ्यापुढे धरली.

मी मूळ वाक्य वाचून दाखवले. मूळ व भाषांतर यांत फरक पडल्यास मूळ ग्राह्य धरावे, हेही पहिल्याच पानावर होते. किल्ला पडला.

“खेळत नाही मी,” ते हळू आवाजात म्हणाले. “नुसता बसत जाईन. खुर्ची घरून आणीन.”

“आणि तुमची गस्त ओरडत बसेल!” संग्राम म्हणाला. पुन्हा हशा झाला. घटनेत प्रेक्षकांची तरतूद नसल्याचे मी सांगितले. राऊतांनी चपला घातल्या आणि जिन्याचा कठडा धरून ते उतरले.

पुढची दोन वर्षे रविवारी दुपारी वाडीतून डब्याचा आवाज येई. केळी कापून वाडी रिकामी झाली, तरीही येई.

त्यांची जागा संग्रामचा मित्र सुमेध याला मिळाली. त्यांच्या निधनानंतर पुतणी राधिका नकाशा मागायला आली. तो मंडळाच्या नोंदवहीत चढलेला होता, त्यामुळे देता आला नाही. २००५च्या दुसऱ्या आवृत्तीत चौदाव्या नियमात ‘थांबल्यावर’ हा शब्द घातला आहे. पहिल्या आवृत्तीच्या सहाही प्रतींसाठी मी शुद्धिपत्रे तयार केली होती. पाच चिकटवली. सहावे, राऊतांच्या प्रतीचे, माझ्याकडेच आहे.