सत्काराचं घड्याळ

वजिराबादेतल्या घड्याळाच्या दुकानात मी पट्टा बदलायला गेलो होतो. शेजारी पन्नाशीचा एक सडपातळ माणूस एकेक घड्याळ ओंजळीत झाकून, एक डोळा मिटून आत बघत होता. काटे अंधारात चमकतात का, हे तो तपासत होता. विष्णुपुरी धरणात बुडालेल्यांना हा माणूस पाठीला हवेचा सिलिंडर लावून शोधतो, असं दुकानदाराने मला सांगितलं.

"हे घ्या मामा, दोनशे मीटर खोल चालतं."

"लई झालं. मानसं पंधरा मीटरातच सापडतेत. स्वस्तातलं दाखव, पण पानी शिरू नये."

त्याच्या मनगटावर एक सोनेरी घड्याळ होतंच. तबकडीवर पुढाऱ्याचा हसरा फोटो. सत्कारात शालीबरोबर मिळालेलं ते घड्याळ गेल्या महिन्यात पाण्याखाली बंद पडलं. अजून वेळ आहे असं समजून हा तळाशीच शोधत राहिला आणि हवा संपली. कसाबसा वर आला.

"सिलिंडरवर हवा दाखवणारा काटा असतो ना?" मी शहाणपणाने विचारलं.

"बिघडलाय, सर. दुरुस्तीचा अर्ज दिला, तवाच तर सायबांना माझं नाव कळलं. मग सत्कार झाला."

त्याने रबरी पट्ट्याचं एक काळं, जाडजूड घड्याळ निवडलं आणि दुसऱ्या मनगटावर बांधलं. बंद पडलेलं काढून ठेवू का, असं दुकानदाराने विचारलं.

"राहू दे," तो म्हणाला. "अर्जाचं विचारायला जाताना घालावं लागतंय."