बर्फमावशीची उन्हाची तालीम

बर्फमावशीचा जन्म स्वेटरात गेला. कोल्ड स्टोरेजमध्ये गोठवलेल्या मटाराची खोकी रचायचं काम. बाहेर लोक उकाड्याने हैराण असले तरी ही आत दोन स्वेटर, कानटोपी आणि हातमोजे घालून हजर. नवरा, म्हणजे आमचे काका, नेमका उलटा. तो मोठ्या लाँड्रीत बॉयलरशेजारी हॉटेलांच्या चादरींना इस्त्री मारायचा आणि भर थंडीतही घामाने निथळत घरी यायचा. ही जोडी ज्याने कुणी जमवली, तो मोठा थट्टेखोर असणार.

दोघं निवृत्त झाली आणि मुलाचा फोन आला. "यंदाची थंडी तिथे काढायची नाही. महिनाभर कुठेतरी उबदार ठिकाणी जा. तिकिटं माझ्याकडून, गाव तुम्ही निवडा."

मावशी हवेतच तरंगायला लागली. सकाळी समुद्रकाठ पक्का, दुपारी तळ्याकाठचं गाव, चहाच्या वेळेला एखादं बेट. भाजी चिरताना ती स्वतःशीच हसायची.

"गाव कुठलंही निवड," काका म्हणाले, "मी येत नाही. जन्मभर फुकट भाजलो, आता पदरचे पैसे घालून भाजून घेऊ?"

"मग मी एकटी जाईन."

बोलून गेली खरी, पण सगळ्यात जास्त दचकली तीच. दात काढायला जाताना ज्या बाईला सोबत लागते, ती महिनाभर एकटी कुठे जाणार? काकांनी "जाऊ नकोस" म्हणावं म्हणून ती थांबली. काका म्हणाले, "जा की." झाली पंचाईत. मागे हटावं तर नाक कापलं जाणार, आणि जावं तर त्यांच्यावाचून कसलं ऊन आणि कसला समुद्र? त्यात मुलाने निर्वाणीचं सांगितलं, एक तिकीट की दोन ते आज संध्याकाळपर्यंत कळवा.

मावशीने शेवटचा डाव टाकला. "अहो, आज घरीच तालीम करू. नाही जमलं तर पुन्हा विषय काढणार नाही."

मधली खोली बंद झाली. दोन हीटर लागले. पिवळी चादर पसरली, ती वाळू. टबात कोमट पाणी ओतलं, तो समुद्र. काका मुळात भला माणूस, त्यामुळे अर्धी चड्डी आणि गवती टोपी घालून मुकाट्याने आले. मावशीने बिनबाह्यांचा झगा घातला आणि आरशात स्वतःचे दंड बघून हसत सुटली.

काकांनी समुद्रात अंगठा बुडवला. "गार आहे."

"थांबा, भरती येतेय," म्हणत मावशीने किटली ओतली.

खोली मस्त तापली. मावशीची हाडं लोण्यासारखी सैल झाली. काका मात्र उभेच. चेहरा लाल, कपाळावर घाम. बघता बघता त्यांचे हात टेबलावरच्या कापडाच्या सुरकुत्या काढायला लागले. मग ते वाकले आणि वाळूची घडी घालायला लागले.

"अहो, किनारा गुंडाळून कुठे चाललात? बसा ना जरा."

"उकडतंय गं. बसू कसा?"

"उकडतंय म्हणून बसता येत नाही?"

"गरमीत बसायचं नसतं," काका अगदी साधेपणाने म्हणाले. "चादर जळते."

मावशी त्यांच्याकडे बघतच राहिली. इतकी वर्षं एका ताटात जेवून तिला हे कधी कळलंच नव्हतं. तिला त्यांची भयंकर दया आली आणि भयंकर हसूही आलं. तिने दोन्ही खांदे धरून त्यांना खुर्चीत दाबलं, पाय उचलून टबात सोडले.

काका आधी खुर्चीच्या कडेवर टेकले. मग थोडे मागे सरकले. "अगं," ते चकित होऊन म्हणाले, "ही गरमी वेगळीच आहे." आणि पुढचं काही बोलायच्या आत घोरायला लागले. टोपी नाकावर घसरली. मावशी तोंडावर हात दाबून इतकी हसली की डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

तेवढ्यात फोन वाजला. तिने झडप घालून उचलला.

"आई, ठरलं? बेटच घ्या. किल्ला आहे, धबधबा आहे, रोज सहल."

"नको. जिथे करण्यासारखं काही म्हणजे काहीच नाही, असं गाव बघ."

"असं गाव कोण शोधतं, आई?"

"तू शोध," मावशी कुजबुजली. "दोन तिकिटं काढ. आणि हळू बोल जरा, बाबा बसलेत."