काकांच्या खोलीवरचा सोलर

आमच्या छपराला दोन उतार आहेत. त्यातला दक्षिणेकडचा उतार काकांच्या खोलीवर येतो, आणि सोलरला दक्षिणेचंच ऊन लागतं. त्यामुळे काकांना विचारल्याशिवाय काहीच करता येत नव्हतं.

घर पोलादपूरपासून वर, एका वाडीत आहे. ते बाबांचं आणि त्यांच्या थोरल्या भावाचं, सामाईक. काका मुंबईला असतात. गणपतीला येतात, एरवी त्यांच्या खोलीला कुलूप असतं. मी महाडच्या कॉलेजला जाते. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. म्हणून कुठलाही कागद आला की तो माझ्या हातात दिला जातो, मला कळो न कळो.

सोलरचे कागदही मीच वाचले. काकांना फोनही मीच केला. ते म्हणाले, "पत्र्याला भोकं पडणार. मी गणपतीला येऊन बघेन. नाय पटलं तर उतरवायचं." त्यांनी हो म्हणावं म्हणून मी घाईघाईने बोलून गेले, "काका, आता आपल्याकडे लाईट जायचीच नाही." असं मला कुणी सांगितलं नव्हतं. छपरावर ऊन म्हणजे घरात लाईट, इतकंच मी धरून चालले होते.

काका हो म्हणाले, होळीच्या आधी सोलर बसला आणि उन्हाळा चांगला गेला. बिलाच्या धास्तीने आई दुपारी फ्रिज बंद ठेवायची, ते तिने सोडलं. मामाने दिलेली घरघंटी कित्येक वर्षं गोधडीखाली झाकलेली होती. एका सकाळी आईने ती पुसून सुरू केली. तोवर तांदळाचा डबा रिक्षात घालून पोलादपूरला दळायला न्यावा लागायचा. आता भाकरीचं पीठ घरीच निघू लागलं. आई घंटीजवळ उभी राहून उगाचच हसायची.

गणपतीच्या दुसऱ्या दिवशी पाऊस उघडला होता, कडक ऊन पडलं होतं. आई आणि काकी वाटण वाटत होत्या आणि मिक्सर मध्येच थांबला. कशेडी घाटाच्या बाजूला विजेच्या लाइनीवर झाड पडलं होतं.

काका पडवीतून म्हणाले, "काय गो, जायची नाय म्हणालीस ना? डोक्यावर ऊन तर तापलंय!"

शेजारचे आजोबा आरतीला आले होते ते तिथेच बसले होते. त्यांना जोरच आला. "सूर्य पन चाकरमानी झाला रे! गनपतीला आला नि काम सोडून बसला!"

सगळे हसले. मी आत जाऊन भिंतीवरचा सोलरचा डबा, इन्व्हर्टर, बघितला. त्यावर लाल दिवा लागला होता. मागच्या दारी जाऊन सोलर बसवणाऱ्याला फोन केला. तो शांतपणे म्हणाला, "ताई, लाइन गेली की तो आपला आपण बंद होतो. तुमची वीज बंद लाइनीत गेली तर खांबावर चढलेला वायरमन मरेल ना. अशा वेळी लाईट हवी तर बॅटरीवालं घ्यावं लागतं. कागदात लिहिलंय सगळं."

लिहिलेलं होतं. मी ते वाचलंही होतं.

मशीन बिघडलंय, उद्या माणूस येईल, असं सांगता आलं असतं. तोवर लाईट आलीही असती. ते वाक्य अगदी ओठावर आलं होतं. पण बाबा मागच्या दारात येऊन माझ्याकडे बघत होते. यापुढे घरात आलेल्या कागदावर त्यांनी कुणाच्या भरवशावर सही करायची, असं मनात आलं. मी पडवीत गेले आणि म्हटलं, "काका, मी चुकीचं सांगितलं होतं. लाइन गेली की हे पण बंद पडतं. बिघाड नाही. ते तसंच असतं."

"मग उपयोग काय त्याचा?"

मी सांगू लागले. बोलताना अडखळत होते. एप्रिल-मेमध्ये जादा होणारी वीज लाइनीत जाते आणि पावसाळ्याच्या बिलात आपल्याला वळती होते. बिल नावापुरतं येतं. आईची घंटी चालते. आणि हे एक-दोन वर्षांचं नाही, पंचवीस वर्षं चालतं.

"पंचवीस!" काका म्हणाले. "तवर या घरात राहनार कोन? तू?"

वाडीतली पोरं एकेक करून मुंबईला जातात. "माहीत नाही," मी म्हटलं. "पण मी आहे तोवर मी बघेन. उतरवू नका."

बाबा भावापुढे सहसा बोलत नाहीत. ते एकदम म्हणाले, "दादा, चुकली ती चुकली, पन कबूल तरी झाली. आन् उतरवायचं तर वर मलाच चढाया लागंल. मी काय चढत नाय."

काकी हसली. काका हसले नाहीत. "माझ्या खोलीत गळलं तर मला मुंबईत कळनार कसं?"

"किल्ली ठेवून जा," मी म्हणाले आणि माझी मलाच भीती वाटली. ती किल्ली दरवर्षी मुंबईला जायची. ती मागायची असते, हे आजवर कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. काका उठून आत गेले.

विसर्जनानंतर निघताना त्यांनी ती बाबांच्या नाही, माझ्या हातात दिली. "गादी भिंतीपासून लांब सरकव. गळलं तर सांग. लपवू नकोस."

दोन दिवसांनी पाऊस झोडपून काढायला लागला. मी खोली उघडली आणि टॉर्च घेऊन सोलरसाठी पत्र्यातून मारलेल्या एकेका बोल्टखाली उभी राहिले. सगळे कोरडे होते, कोपऱ्यातला एक सोडून. त्याच्या टोकाशी थेंब धरत होता, फुगत होता आणि खाली पडत होता. मी त्याखाली पातेलं ठेवलं आणि काकांना फोन लावला.

"एक गळतोय," मी म्हटलं.

"मग?"

"उघडीप झाली की चढते."

दुपारी पाऊस थांबला. बाबांनी शिडी धरली. गळती बुजवायच्या लेपाचा डबा घेऊन मी वर गेले. पत्रा निसरडा होता, म्हणून बसूनच पुढे सरकत राहिले.