नथीचा मासा आणि तातू तारी

कोणी काही अद्भुत पाहिल्याचं सांगू लागलं की तातूकाका एवढंच विचारायचे, "कितक्या लांबसून?" त्यात टवाळी नसे. वल्हं पाण्याबाहेर धरून ते खरोखर उत्तराची वाट बघत. शिरोड्याच्या एका पाहुण्याने एकदा होडीत सांगितलं, त्याच्या मामाने डोक्यावर मणी असलेला नाग पाहिला होता. काकांनी अंतर विचारलं. पाहुण्याने प्रामाणिकपणे आठवून सांगितलं, बांधाच्या पलीकडून, आणि तेही पळता पळता. काकांनी मान डोलावली, "म्हणजे मणी नागाचो, नजर मामाची," म्हणाले आणि वल्हं पुन्हा पाण्यात घातलं.

तातूकाका आमच्या खाडीवरचे शेवटचे तारी. पूल झाला तशी माणसांची ने-आण संपली, तरी पलीकडच्या वाडीतल्या चार-सहा बायका पुलाचा वळसा टाळून त्यांच्याच होडीने येत. वय ऐंशीच्या घरात, पोट पाठीला लागलेलं, आणि कमरेला पंचा एवढा घट्ट की तो त्यांच्याबरोबरच जन्मला असावा.

खाडी जिथे वळते तिथे एक कोंड, म्हणजे खोल डोह, आहे. त्या कोंडीत सोन्याची नथ घातलेला मासा राहतो, असं गाव पिढ्यान्‌पिढ्या मानत आलं. म्हणून तिथे जाळं टाकायचं नाही, गरी सोडायची नाही. होडी कोंडीवरून जाताना पाण्यात हातसुद्धा घालायचा नाही. मासा पाहिलेली माणसं प्रत्येक घरात होती. आमच्या घरात मात्र नव्हती. बाबांनी आयुष्यभर अंधश्रद्धेविरुद्ध पत्रकं काढली, सभांमधून वाटली. मी अक्षरं शिकले तीच त्या पत्रकांवर. त्यामुळे कॉलेज संपवून गावी आल्यावर मी पहिलं काय केलं असेल, तर नथीच्या माशाविरुद्ध पत्रक. "माशाला नथ घालणाऱ्या सोनाराचा पत्ता द्या," असा मथळा दिला आणि घरोघर वाटलं. मला तो मथळा फार आवडला होता.

आठ दिवसांत पत्रकाला उत्तर आलं, पण भलत्याच दिशेने. बाहेरच्या एका मासळी ठेकेदाराची माणसं माझं पत्रक हातात घेऊन सरपंचांकडे गेली. गावची शिकलेली मुलगीच सांगते की मासा नाही, मग कोंड आम्हाला द्या, असं त्यांचं म्हणणं. त्यांची पद्धत सगळ्यांना माहीत होती. पाण्यात जिलेटीनचा स्फोट करायचा आणि पांढरी पोटं वर आली की गोळा करायची. ग्रामसभा तीन दिवसांवर होती. गप्प बसले तर कोंड जाणार. पत्रक मागे घेऊन "मासा आहे" म्हटलं तर मी खोटी ठरणार.

मी तणतणत काकांकडे गेले. ते होडीच्या फटीत कापूस ठोकत होते. सगळं ऐकून घेतलं आणि मलाच विचारलं, "नाय म्हणतंस ता बरा. पण तू कितक्या लांबसून बघलंस?"

मी तर आमच्या ओटीवरून पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, ओहोटी पुरती लागल्यावर, त्यांनी मला कोंडीवर नेलं. माझा चुलतभाऊ मालवणला पर्यटकांना पाण्याखाली फिरवतो. त्याचा काचेचा मुखवटा मी मागून आणला होता. "दगडाक धर, पाय मारू नको, गढूळ होयत," एवढंच काका म्हणाले. मी उतरले.

खाली कपारींतून बोटाएवढी पिल्लं भरलेली होती, तांबोशीची, काळुंदराची. मूठभर तांदूळ उधळावेत आणि ते खाली पडूच नयेत तशी. एका खोबणीत पाटाएवढ्या डोक्याचा गोबरा मासा बसला होता आणि माझ्याकडे कंटाळून बघत होता. त्याच्या नाकात काही नव्हतं.

वर आल्यावर मी ते सांगितलं तर काका हसले. मग कळलं की ते कोंडीत कितीदा तरी उतरले होते. कोणाच्या होडीचा नांगर तिथे अडकला की बुडी मारायला दुसरं कोणी धजत नसे. गुपचूप तातूला बोलावत, नांगर घेत आणि निघून जात.

"मग तुम्ही इतकी वर्षं बोलला का नाहीत?" मी रागावूनच विचारलं.

"माका कोणी इचारूक नाय गो. बघलेल्याक सगळे इचारतत. जो थय जावन इलो आणि ज्येका दिसाक नाय, त्येका कोण इचारता?" थोडं वल्हवून ते पुढे म्हणाले, "आणि तो नथीचो मासो गावतलो कसो? गावलो की तो गोबरो, तांबोशी, शेंगाळो. त्येचो भाव होता, कालवण होता. जो कोणाक गावाक नाय, तोच नथ घालता."

ग्रामसभेत मी दोन्ही गोष्टी सांगितल्या, मासा नाही आणि पिल्लं आहेत. पहिल्या वाक्याला म्हातारे उठले, दुसऱ्याला ठेकेदाराची माणसं. गोंगाटात माझा आवाज बुडाला. तेव्हा काका उभे राहिले. ग्रामसभेत ते पूर्वी कधी बोललेच नव्हते, म्हणून लोक गप्प झाले.

"ह्या बाबल्याचो नांगर मी काढलंय, ह्या दाजीचो दोनदा," ते एकेकाकडे बोट दाखवत म्हणाले. "थय नथ नाय. थय पोरा आसत. तीच वाढान भायर येतत आणि तुमच्या जाळ्यात गावतत. आता घराक सुरुंग लावचो काय, ता तुमी ठरवा."

बाबल्या आणि दाजी खाली बघत होते. एक म्हातारी पुटपुटली की तातूचो कधी कोणावर इस्वास नव्हतोच, पण हात तिनेही वर केला. कोंडीत मासेमारी बंद असा ठराव झाला, आणि त्यात देवाचं नाव नव्हतं. मला विजयी वाटायला हवं होतं. वाटलं ते समाधान, आणि ते जास्त टिकलं.

पुढे गुडघे थकल्यावर काका वेंगुर्ल्याला मुलीकडे राहायला गेले आणि गेल्या वर्षी तिथेच, दुपारचे जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. बातमी आली त्या आठवड्यात धक्क्यावर एक बाई नव्या सुनेला सांगत होती, तातूनं नथीचा मासा हाताच्या अंतरावर पाहिला होता, पण माशाने त्याला शपथ घातली म्हणून तो भर सभेत नाही म्हणाला. मी थांबून तिला खरं काय ते सांगितलं. तिने सगळं ऐकलं, मायेने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "तुका पण शपथ घातल्यान काय गो?"

म्हणून हे लिहून ठेवते. तातू तारी कोंडीत उतरला होता. त्याला नथीचा मासा दिसला नाही, आणि त्याने तसं सांगितलं.