लाटंबार्शाच्या लग्नाचा कोडेक

लग्नघराच्या दारात चपला साठतात ना, तसे आमच्या रमाकांताच्या स्टुडिओत किस्से साठले. एकाची जोडी शोधायला जावं तर दहा हाती येतात!

गोवा राज्य झालं, मागून घराघरात टीव्ही आले, आणि माझ्या ह्या लेकानं साखळीच्या बाजारात लग्नाच्या व्हिडिओचं दुकान घातलं. कॅसेट कापायचं काम कॉम्प्युटरवर आलं, तेव्हा पहिलंच लग्न लाटंबार्शे गावातलं, बाबलभाऊच्या लेकीचं, सुलभाचं. सुलभा रविवारी मस्कतला जाणार. शनिवारी दोन्हीकडची माणसं जमून व्हिडिओ बघणार. बिघडला तर लग्न काय परत लावायचं?

\*\*\*

"आये, सगळं कोडेकावर आहे," रमाकांत म्हणाला. कोडेक म्हणजे चित्रांची घडी घालून कॉम्प्युटरात ठेवायची रीत. त्यानं सगळ्यांत घट्ट घडीचा निवडला. जागा वाचली! पण कापून जोडायला गेला, तर नवऱ्याचं तोंड चौकोन चौकोन.

बाबलभाऊ बघायला आलेला. "अरे, माझ्या जावयाच्या तोंडाला लाद्या कोणी बसवल्या?"

\*\*\*

रमाकांत डोकं धरून बसला. मी म्हटलं, "बाबा, लुगडं घडीत असताना कात्री मारलीस तर भोकं किती पडतील?"

"दहा!"

"मग आधी उलगड की रे!"

मला वाटलं, आता पाया पडतो. पडला नाही. म्हणाला, "पुस्तकात ह्यालाच चाळीस पानं घातलीत गो!"

\*\*\*

मग घडीच न घालणारा कोडेक आणला. चित्र कसलं, आरसाच! पण हळदीतच कॉम्प्युटर भरला.

बाबलभाऊ पुन्हा दारात. "खंय पोचलं?"

"हळद झाली. पुढे जागा नाही."

"म्हणजे वऱ्हाड परत धाडू?"

\*\*\*

उरला तिसरा. हलकी घडी, तीही एकेका चित्राची वेगळी. पण भरवसा कोणी द्यायचा? आमच्याकडे असं अडलं की देवाला कौल लावतात. मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, उजवी पडली की होकार.

देवळात गुरवानं गाऱ्हाणं घातलं, "बा देवा महाराजा, ह्या रमाकांताच्या कोडेकान शनिवारी दगो देव नये, असो कौल दी!"

"व्हय महाराजा!" आम्ही ओरडलो.

पाकळी हलेना. पाच मिनिटं गेली, दहा गेली. गुरव बोट पुढे करू लागला. व्हिडिओ जोडून झाला की कॉम्प्युटर तो रेंडर करत, म्हणजे शिजवत बसतो. तेव्हा त्याला हात लावायचा नसतो, एवढं आमच्या घरात सगळ्यांना पाठ. रमाकांत दबक्या आवाजात म्हणाला, "कोणी हात लावू नका, देव रेंडर करतोय!"

आणि उजवी पाकळी टपकन खाली!

\*\*\*

शनिवारी बाबलभाऊच्या अंगणात टीव्ही मांडला. पुढे सुलभा, मधल्या कदेलावर, म्हणजे खुर्चीवर, तिची सासू ऐसपैस बसलेली. मी मागे हात जोडून.

चित्र लख्ख! आवाज ओठांशी बरोबर जुळलेला! मंगळसूत्राला सुलभा रडली, पाठवणीच्या आधीच बाबलभाऊ रडला. रमाकांतानं कुठे आत्ता श्वास सोडला.

तेवढ्यात पंगत आली, पानापानावर खतखतं, म्हणजे मिसळ भाज्यांचं कालवण. कॅमेरा सुलभाच्या सासूच्या तोंडाजवळ गेला, आणि टीव्हीतली सासू शेजारणीला म्हणाली, "ह्यांच्या खतखत्यात भाजी शोधायला चष्मा लागतो गो!"

एकेक अक्षर ओठांवर!

बाबलभाऊचे डोळे कोरडे झाले. विहीणबाई कदेलावरून सावकाश मागे वळल्या.

"रमाकांता," त्या म्हणाल्या, "ह्याच्याहून जरा वायट कोडेक नाय रे?"