किटलीचा नंबर

टिबेरिऊच्या फोनवर रोज सकाळी एक हिरवा ठिपका उजळायचा. तो उजळला की आई उठली. गावच्या घरात किटलीच्या मागे त्याने एक स्मार्ट प्लग बसवला होता. तिकडे किटलीने वीज खेचली की इकडे याश शहरात, ट्राम दुरुस्तीच्या कारखान्यात, त्याला कळायचं. पुदिन्याचा चहा झाला, दिवस सुरू झाला. त्या यंत्राकडून त्याला एवढंच हवं होतं.

वडील गोठ्यात पडले तेव्हा कोणालाच कळलं नव्हतं. आई त्या दिवशी दवाखान्यात गेली होती. संध्याकाळी गाय हंबरायची थांबेना, म्हणून शेजारच्या ग्लाफिरा मावशींनी आत डोकावून पाहिलं. डॉक्टर म्हणाले, सकाळीच कोणी पाहिलं असतं तर. ते ‘तर’ गेलं वर्षभर टिबेरिऊच्या छातीत रुतून बसलं होतं. आईने शहरात यायचं साफ नाकारलं, तेव्हा त्याने प्लग आणला.

आज ठिपका हिरवा नव्हता. लालही नव्हता. करडा होता, म्हणजे प्लगच सापडत नव्हता.

त्याने आईला लागोपाठ चार वेळा फोन लावला. दर वेळी वाजून वाजून बंद पडला. ग्लाफिरा मावशींचा फोन लागतच नव्हता. तो पुन्हा ट्रामखालच्या खड्ड्यात उतरला, एक तार सोलली आणि तीच तार दुसऱ्यांदा सोलायला घेतली.

“तारवाल्या,” मुकादम हारालांबिये वरून म्हणाला, “सकाळपासून त्या फोनकडे असा बघतोयस, जसं काही पोरगी बघायला जायचंय.”

टिबेरिऊने त्याला कारण सांगितलं. हारालांबियेची थट्टा तिथेच विरली.

तारवाला हे नाव जुनं होतं. तरुणपणी टिबेरिऊने आपल्या वसाहतीतल्या इमारतींच्या गच्च्यांवरून, चिनारांच्या शेंड्यांमधून तारा ओढल्या होत्या. साऱ्या वसाहतीचं इंटरनेट त्या तारांवर चालायचं. कंपन्या फार नंतर आल्या. तेव्हा प्रत्येक घराच्या संगणकाला तो स्वतःच्या हाताने नंबर द्यायचा. एकच नंबर दोघांनी लावला की दोघंही मुके व्हायचे, मग जिन्यात भांडणं लागायची. आणि एक रीत होती. कोणी कामासाठी इटलीला निघून गेला, तरी त्याचा नंबर दुसऱ्याला द्यायचा नाही. परत आला तर? बरेच जण आलेच नाहीत. पण नंबर त्यांची वाट बघत राहिले.

गावच्या घरचा राऊटर त्याने वडील असतानाच याच रीतीने लावला होता. राऊटरने आपल्या मनाने वाटायचे नंबर त्याने मोजकेच ठेवले, आणि एकदा दिलेला परत घ्यायचा नाही, असं त्याला सांगून ठेवलं. दोन म्हाताऱ्या माणसांच्या घरात अशी किती यंत्रं येणार होती?

हारालांबियेने खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली. “माझी गाडी घे. वरच्या साहेबांना मी सांगतो.”

किल्ली टिबेरिऊने मुठीत घेतली, पण त्याचा पाय निघेना. रस्त्याला दोन तास लागणार होते, आणि त्या दोन तासांत काही कळणार नव्हतं. निघण्याआधी एकदा बघून घ्यावं म्हणून त्याने लॅपटॉप उघडला. लांबून आईच्या राऊटरपर्यंत पोचायची वाट त्याने तेव्हाच करून ठेवली होती.

राऊटर जागा होता, टीव्हीही आपल्या नंबरवर होता. म्हणजे वीज होती, इंटरनेट होतं, फक्त किटली गप्प होती. सगळं ठीक असताना एकच गोष्ट गप्प असावी, याचा अर्थ त्याला लावायचा नव्हता.

मग पडद्यावर खाली त्याला दिसलं की एक अनोळखी यंत्र सकाळपासून राऊटरकडे नंबर मागत होतं. राऊटर दर वेळी त्याला परत पाठवत होता. जागा नाही. थोड्या वेळाने ते पुन्हा दारात. पुन्हा जागा नाही.

जागा कोणी अडवल्या होत्या तेही तिथेच होतं. परवा वडिलांच्या वर्षश्राद्धाचं जेवण झालं. कोलिव्हाचा गोड गहू खायला अख्खी आळी आली, इटलीतल्या बोलोन्याहून चुलत भाऊ आले, त्यांच्या बायका, पोरं आली. प्रत्येकाने आल्या आल्या वायफायचा पासवर्ड विचारला, आणि टिबेरिऊनेच तो मोठ्या आवाजात सांगितला. माणसं काल निघून गेली. त्यांच्या फोनांनी घेतलेले नंबर मात्र घरातच राहिले.

पण नंबर मागणारं हे नवं कोण? त्याने यंत्राची खूण वाचली. प्लग बनवणाऱ्या कंपनीचीच होती.

जादा प्लग! फडताळात, साखरेच्या डब्यामागे, वायफायचा पासवर्ड भरून त्याने एक तयार ठेवला होता. हा बिघडला तर तो लाव, असं आईला दोनदा सांगितलंही होतं. तो प्लग आपला आपण फडताळातून उतरणार नव्हता. आज सकाळी तो कोणीतरी हाताने भिंतीत लावला होता, आणि त्या घरात हात एकाच माणसाचे होते.

त्याचा श्वास सुटला, पण पुरता नाही. लावल्यानंतर काय झालं? लावताना झटका बसला असेल तर? वाकताना तोल गेला असेल तर?

“निघतोस ना?” हारालांबियेने विचारलं.

“एक मिनिट.”

तो पाहुण्यांचे फोन एकेक करून काढू लागला. बोलोन्याचे भाऊ, त्यांच्या बायका, धर्मपित्याचं पोरगं. यादीत सगळ्यात वर एक जुना फोन होता. नाव वाचून त्याचं बोट थांबलं. वडिलांचा होता. वर्षभर कोणी तो नंबर वापरला नव्हता. त्याने तो तसाच ठेवला. जागा पुरेशी झाली होती.

अनोळखी यंत्राने पुन्हा मागितलं. या वेळी राऊटरने दिलं. फोनवर नवा ठिपका आला. लाल. प्लग जागा होता, किटली थंड होती.

दोघं त्या ठिपक्याकडे बघत राहिले. बाहेर कोणीतरी ट्रामची घंटा तपासत होतं, ती वाजत राहिली. शेवटी टिबेरिऊ उठला, जॅकेट अंगात घातलं, किल्ली पुन्हा मुठीत घेतली, फोन खिशात टाकायला म्हणून उचलला.

ठिपका हिरवा झाला.

त्याने उभ्या उभ्याच आईला फोन लावला. या वेळी आईने उचलला. ती धापा टाकत होती.

“किती वेळा करतोस रे? श्राद्धाला मागून आणलेली ताटं परत करायला गेले होते. सात घरं, आणि प्रत्येक घरी बसवून घेतात. फोन कुठे धरू, दातात?”

“आई, प्लग...”

“तुझ्या बोलोन्याच्या वहिनीने त्यावर विजेची मोठी शेगडी लावली होती. सकाळी बघते तर जळका वास. तू म्हणालास तसा दुसरा लावला. बरोबर लावलाय ना?”

हारालांबियेने पुढे होऊन त्याच्या मुठीतून किल्ली हळूच सोडवून घेतली.

“बरोबर लावलास, आई,” टिबेरिऊ म्हणाला. “चहा घे आधी.”