शिवणवर्गातली झोप

भिवंडीच्या शाळेत शिक्षिका म्हणून लागलेल्या नीलाने एस्तेरबाईंना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिची खात्रीच पटली, की शाळेच्या फाटकातून मालाने भरलेला टेम्पो आत येतोय. पांढरं पातळ, काखेत छत्री, हातात चार खणांचा डबा. त्यांनी नुसतं "जय ख्रिस्त!" म्हटलं, तर कौलांवरची कबुतरं उडाली ती म्हणे थेट शेजारच्या शेलार गावात जाऊन बसली.

एस्तेरबाई शिवण शिकवत. पण त्यांचा खरा उद्योग निराळाच होता. शाळा भरण्याआधी त्या शिक्षकांच्या खोलीत प्रत्येक रिकाम्या खुर्चीवर हात ठेवायच्या आणि त्या त्या माणसाचं नाव घेऊन येशूला त्याची ख्यालीखुशाली कळवायच्या. मुख्याध्यापक वैद्य सरांच्या खुर्चीपाशी जरा जास्त वेळ लागे. प्रकरण मोठं होतं.

सत्त्याऐंशी सालापर्यंत नीला पार पिळून निघाली. वर्गात सत्तरेक मुलं. कुणाच्या घरी तेलुगू, कुणाच्या घरी हिंदी, आणि भिंतीपलीकडे कापड विणणाऱ्या लूमची अखंड खटखट. त्यावर ओरडून घसा गेला. वर मतदारयाद्यांची ड्युटी. एका दुपारी ती एस्तेरबाईंना म्हणाली, "सरांची वेळ मागितलीय. आता माझा तास आहे, तो संपला की नोकरी सोडतेय म्हणून सांगणार."

"सांग की. जेवलीस का?"

"भूक नाही."

"भूक कुठं विचारली मी, पोरी?"

त्यांनी तिला शिवणवर्गात नेऊन भाकरी आणि लसणाची चटणी पुढ्यात ठेवली. "आमच्यात एक संदेष्टा होऊन गेला. दमून झाडाखाली पडला. देवाला म्हणाला, पुरे आता. देवानं भाषण नाही ठोकलं. झोपू दिलं, भाकर दिली, परत झोपू दिलं. कामाचं नंतर बोलला. तू काय त्याच्याहून मोठी लागून गेलीस?"

"आणि वर्ग?"

"मी घेते. मशीनपेक्षा का पोरं अवघड असतात?"

नीला कापडांच्या ढिगावर आडवी झाली. एस्तेरबाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि जन्मात पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाल्या, "प्रभू, लेकरू दमलंय." लूमच्या ठेक्यावर तिला गाढ झोप लागली.

भिवंडीचा माणूस आवाजाने जागा होत नाही, आवाज थांबला की होतो. वीज गेली, लूम थांबले, आणि नीला दचकून वर्गाकडे धावली. दारात वैद्य सर उभे. आत सगळी पोरं तोंडावर बोट ठेवून चिडीचूप. आणि खुर्चीत एस्तेरबाई, मान मागे टाकून, घोरत. बाई मूळच्या नगरच्या. शांततेने जाग येण्याची सवय त्यांना नव्हती.

पुढच्या बाकावरची तुळजा कुजबुजली, "हळू, बाई! मोठ्या बाई सो गये. लई दमल्यात."

नीलाने पाहिलं. बाईंनी चपला काढून ठेवल्या होत्या, पाय सुजले होते. रोज आपलं नाव देवाच्या कानावर घालणारं माणूसही दमतं, हे तिच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

"काही बोलायचं होतं ना तुम्हाला?" सरांनी दबक्या आवाजात विचारलं.

"हो सर. शिवणवर्गात एक चटई हवी."

सर थोडा वेळ ते घोरणं ऐकत राहिले. "दोन घ्या," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी नीला लवकर आली आणि एस्तेरबाईंच्या खुर्चीवर हात ठेवून उभी राहिली. प्रार्थना येत नव्हती, म्हणून तिने नुसतंच त्यांचं नाव घेतलं.

एक्याण्णव साली एस्तेरबाई निवृत्त होऊन नगरला गेल्या. शिवणवर्गात आता मोडके बाक ठेवतात.